‘चिखलाला हात लावू नका, सरकार भरून देतं’: पुरानंतर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

कृष्णा-पंचगंगेचं पाणी उतरायला लागलं की कोल्हापूर-सांगलीकडच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण सांगणं एकच असतं: ‘पंचनामा झाला की सरकार सगळं नुकसान भरून देतं. तोवर घरातल्या चिखलाला हात लावू नका. भिंत पडली असेल तर सव्वा लाख नक्की. मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला नसेल तर मात्र काही मिळत नाही. भाडेकरूंना आणि विमा काढलेल्यांनाही मिळत नाही. सोबतच्या लिंकवर लगेच अर्ज भरा.’

यातली एक-दोन वाक्यं अर्धवट खरी आहेत, म्हणूनच लोक बाकीच्यांवरही विश्वास ठेवतात. मग म्हातारी माणसं आणि लेकरं आठवडाभर कुजक्या वासात राहतात, आणि ज्या कागदावर पैसे ठरणार असतात तो मात्र न वाचता सही होऊन जातो. म्हणून एकेका वाक्याला उत्तर.

‘सरकार सगळं नुकसान भरून देतं’

देत नाही. जे मिळतं ती ठरलेल्या बाबींवर ठरलेल्या दराने दिलेली मदत असते. पैसा येतो राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. महाराष्ट्राच्या बाबतीत त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. दर केंद्र ठरवतं. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले दर राज्याने २७ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने लागू केले. घरापुरते ते असे: कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० रुपये आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी आणखी २,५००. पूर्ण पडलेल्या घराला, पक्कं असो वा कच्चं, सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,०००. निदान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००. झोपडीला ८,०००. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००.

आता हिशेब करून बघा. शिरोळ तालुक्यातल्या एका विटा-सिमेंटच्या घरात चार दिवस छातीभर पाणी होतं असं धरू. फ्रीज, टीव्ही, कपाट, गाद्या, पिठाची गिरणी, वर्षभराचं धान्य असं मिळून दीड-दोन लाखांचं सामान गेलं. मागची भिंत आणि पडवीचं छप्पर पडलं, गोठाही कोसळला. निकषांप्रमाणे कपडे-भांड्यांचे ५,०००, अंशतः पडझडीचे ६,५०० आणि गोठ्याचे ३,०००. एकूण १४,५०० रुपये. फ्रीज, टीव्ही, गिरणी यांना वेगळा रकानाच नाही. त्या सगळ्या ‘घरगुती वस्तू’त, त्याच २,५०० रुपयांत येतात. ही रक्कम तुटपुंजी आहे आणि ती वाढायलाच हवी. पण आधी ती किती आहे हे माहीत असलं, तर भरपाई येईलच या भरवशावर कोणी सावकाराचं व्याज डोक्यावर घेणार नाही.

‘पण मागच्या वेळी तर जास्त मिळाले होते,’ असं लोक म्हणतात, आणि ते खरंच आहे. २०१९ च्या महापुरात राज्याने सानुग्रह मदत (निकषांपलीकडे खास म्हणून दिलेली रक्कम) म्हणून ग्रामीण कुटुंबाला १०,००० आणि शहरी कुटुंबाला १५,००० दिले. जुलै २०२१ च्या पुरानंतर कुटुंबाला १०,०००, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के पण जास्तीत जास्त ५०,००० आणि टपरीवाल्याला त्याच हिशेबाने १०,००० पर्यंत ठरले होते. हे वाढीव पैसे राज्य आपल्या तिजोरीतून घालतं आणि त्यासाठी दर वेळी वेगळा शासन निर्णय निघतो. त्यात कोणते जिल्हे, कोणत्या तारखांचं नुकसान आणि कोणत्या बाबी हे नेमून दिलेलं असतं. मागच्या पुराचा निर्णय या पुराला आपोआप लागू होत नाही. कोणी आकडा सांगितला तर आधी विचारा: कुठल्या तारखेच्या शासन निर्णयातला?

‘पंचनामा होईपर्यंत चिखलाला हात लावू नका’

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. चिखल पंचनाम्याचा पुरावा नाही. पुरावा म्हणजे भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेला भाग, वाया गेलेलं सामान आणि तारखा. हे सगळं दोन तासांत नोंदवून घर धुवायला घेता येतं. कुजलेलं धान्य आणि साचलेलं पाणी घरात ठेवलं तर लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप), जुलाब आणि साप-विंचू यांचं घर होतं. पायाला जखम असेल तर उघड्या पायाने चिखलात उतरू नका आणि आरोग्य कर्मचारी लेप्टोची प्रतिबंधक गोळी देत असतील तर ती घ्या.

क्रम असा ठेवा. आधी बाहेरून मेन स्विच बंद करा. वायरमनने तपासल्याशिवाय तो पुन्हा चालू करू नका. मग रस्त्यावरून अख्ख्या घराचा फोटो घ्या, त्यात घर क्रमांकाची पाटी किंवा विजेचा मीटर दिसला पाहिजे. चारही बाजूंच्या भिंतींचे फोटो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घ्या. जवळून काढलेल्या भेगेच्या फोटोवरून ती कुठल्या घराची हे कळत नाही, म्हणून प्रत्येक भेगेचा एक फोटो लांबून आणि एक जवळून. पाण्याच्या रेघेवर खडूने खूण करा, जमिनीपासून टेप धरा आणि आकडा दिसेल असा फोटो घ्या. ही रेघ धुतल्यावर जाते, खिळा मारून ठेवला तर राहते. मोबाइलमधला तारीख-वेळ-ठिकाण दाखवणारा कॅमेरा वापरता आला तर उत्तम. वाया गेलेल्या सामानाची एका कागदावर यादी करा आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. एवढं झालं की खुशाल फावडं हातात घ्या.

याला एकच अपवाद, मेलेल्या जनावरांचा. पशुवैद्यकीय अधिकारी किंवा पंचनाम्याची माणसं बघून जाईपर्यंत ती पुरू नका, आणि उशीर होत असेल तर कानातल्या बारा अंकी टॅगसकट फोटो घेऊन फोनवर कळवा. त्याच २०२३ च्या शासन निर्णयात दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० आणि बैलाला ३२,००० असा दर ठरला होता. नुसतं ‘म्हैस वाहून गेली’ या तोंडी सांगण्यावर तो मिळवणं फार अवघड जातं.

पंचनाम्याच्या वेळी खरी मेख वेगळीच असते. कपडे-भांड्यांच्या मदतीसाठी घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असावं लागतं. विशेष निर्णयात ही अट कधी शिथिल होते, पण मूळ निकष हाच. त्यामुळे घरात पाणी कधी शिरलं आणि कधी उतरलं या दोन तारखा फार मोलाच्या. लोक निवारा शिबिरात असतात, घरी परतल्याची तारीख सांगतात आणि पाणी शिरल्याची तारीख अंदाजाने लिहिली जाते. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून या तारखा आधीच ठरवून लिहून ठेवा. तलाठी (नवं पदनाम ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि शेतीसाठी कृषी सहायक असे मिळून येतात. त्यांना एका दिवसात कितीतरी घरं उरकायची असतात, म्हणून कागद हातात तयार ठेवा: रेशनकार्ड, आधार, कुटुंबप्रमुखाच्या बँक पासबुकाचं पहिलं पान, आणि पडझड असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घराच्या नोंदीचा) उतारा किंवा शहरात मिळकत पत्रिका. घरपडझडीच्या मदतीला बांधकाम अधिकृत असल्याची अट आहे, त्यासाठी हा उतारा. कोऱ्या किंवा पेन्सिलने भरलेल्या पंचनाम्यावर सही करू नका. भरलेला कागद वाचा आणि सही केल्यावर त्याचा फोटो काढून घ्या.

‘भिंत पडली म्हणजे सव्वा लाख’

भिंत पडली म्हणजे बहुतेक वेळा ‘अंशतः’. पंचनाम्यात ‘पूर्णतः’ की ‘अंशतः’ हा एकच शब्द १,२०,००० आणि ६,५०० यांच्यातला फरक ठरवतो, मधली पायरी केंद्राच्या निकषांत नाही. २०२१ च्या राज्याच्या निर्णयात ५० टक्के पडझडीला ५०,००० आणि २५ टक्क्यांना २५,००० अशा पायऱ्या होत्या, पण त्या त्याच निर्णयापुरत्या. म्हणून ‘भिंतीला तडे’ अशा मोघम नोंदीवर समाधान मानू नका. किती भिंतींपैकी किती पडल्या, छपराचा किती भाग गेला, आढं किंवा तुळई सरकली का, उरलेल्या भागात राहता येतं का, हे लिहून घ्या. शंका असेल तर बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून तपासणीची लेखी मागणी करा.

मातीच्या आणि कच्च्या विटांच्या घरांत याहून मोठा घोळ होतो. पाणी असताना भिंत उभी असते, पडते ती पाणी उतरल्यावर. तळाची माती फुगून मऊ झालेली असते, बाहेरून टेकलेलं पाणी निघून गेलं की आधार जातो, आणि वरची ओली, जड भिंत खालच्या मऊ थरावर बसते. ऊन पडलं की वरचा भाग सुकून आकसतो, तडे जातात आणि आठ-दहा दिवसांनी रात्री अचानक भिंत कोसळते. तोवर पंचनामा ‘अंशतः’ म्हणून झालेला असतो. अशा वेळी गप्प बसू नका. तहसीलदारांच्या नावे फेरपंचनाम्याचा अर्ज द्या. त्यात पहिल्या पंचनाम्याची तारीख, भिंत पडल्याची तारीख-वेळ, आधीचे आणि नंतरचे फोटो हवेत. आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आणि भिंतीच्या बुडाशी नख सहज रुतत असेल तर त्या खोलीत कोणालाही झोपवू नका.

‘६५ मिलिमीटर पाऊस नसेल तर काही नाही’

हे अर्धवट खरं. महसूल मंडळात (काही गावांचा मिळून केलेला महसुली गट) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस ही अट ‘अतिवृष्टी’साठी आहे. पूर ही वेगळी आपत्ती आहे आणि ती केंद्राच्या यादीतच आहे. राधानगरी-गगनबावड्यात पाऊस कोसळतो आणि पाणी भरतं शिरोळात, जिथे त्या दिवशी नुसती भुरभुर असते. नृसिंहवाडीच्या संगमाच्या आसपास राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तेव्हा पंचनाम्यात नुकसानीच्या कारणापुढे ‘अतिवृष्टी’ नव्हे तर ‘नदीच्या पुराचे पाणी’ असंच लिहिलेलं हवं. कारण चुकीचं पडलं की पर्जन्यमापकाच्या आकड्यावरून नाव गळू शकतं.

‘भाडेकरूला नाही, विमेवाल्याला नाही’

पडलेल्या भिंतीचे पैसे घरमालकाचे. कपडे आणि भांड्यांचे पैसे मात्र ज्याचं सामान भिजलं त्या कुटुंबाचे, घर कोणाच्याही नावावर असो. इचलकरंजी किंवा सांगलीत भाड्याने राहणाऱ्यांनी मालकाच्या पंचनाम्यात आपलं कुटुंब आपोआप धरलं जाईल असं समजू नये, स्वतंत्र नोंद मागावी. भाडेकरार नसेल तर त्या पत्त्यावरचं रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक किंवा मुलांच्या शाळेचा दाखला चालतो का ते तलाठ्याला विचारावं. एका घरात दोन भाऊ वेगळ्या चुली मांडून राहत असतील तर वेगळं रेशनकार्ड दाखवावं.

विम्याचं उत्तर थोडक्यात. विमा हा तुमचा आणि कंपनीचा करार आहे. सरकारी मदतीच्या निकषांत विमा असलेल्याला वगळा असं म्हटलेलं नाही. ‘भारत गृह रक्षा’ ही १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी घरविम्याची प्रमाणित पॉलिसी पुराचं नुकसान धरते. घराचा विमा काढलेला असेल तर त्यात घरातलं सामानही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख, आपोआप येतं. इथे एक फरक ध्यानात ठेवा: कंपनीचा सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेला फ्रीज-टीव्ही भंगारात घालू नका, ओसरीत काढून ठेवा आणि मागच्या पट्टीवरच्या अनुक्रमांकाचा फोटो घ्या. गृहकर्ज असलेल्यांनी बँकेने विमा काढला होता का हे आधी विचारावं, अनेकांना ते माहीतच नसतं.

‘लिंकवर लगेच अर्ज भरा’

भरू नका. पंचनाम्याला शुल्क नाही, ‘प्रोसेसिंग फी’ नाही, आणि ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नसतो. घराच्या मदतीची यादी तहसील कार्यालयात बनते. गावच्या यादीत आपलं नाव, बाब आणि रक्कम बघायला ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात जा. शेतीच्या मदतीत यादीतल्या प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन आधार आणि पासबुकासह आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी करायची असते. शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना २०२५ मध्ये त्यातून सूट दिली गेली.

पैसे अडतात ते बहुतेक खात्यापाशी. आधार बँकेत ‘जोडलेलं’ असणं वेगळं आणि थेट लाभाच्या पैशांसाठी ते कोणत्या एका खात्याला जोडलंय हे वेगळं. आधार सगळ्यात अलीकडे ज्या खात्याला जोडलं असेल त्यातच पैसे जातात, कधी एखाद्या विसरलेल्या शून्य शिलकीच्या खात्यात. शाखेत जाऊन तेवढंच विचारा. खातं वर्षानुवर्षं बंद पडलेलं असेल तर आधी केवायसी देऊन चालू करा. कष्टाने बोटांचे ठसे झिजले असतील तर केंद्रात डोळ्याच्या बुबुळाने किंवा मोबाइलवरच्या ओटीपीने ओळख पटते का विचारा.

रक्कम जमा झाली आणि बँकेने ती जुन्या कर्जात वळती केली, असंही घडतं. मदतीच्या रकमेतून कोणतीही वसुली करू नये, अशी अट मदतीच्या शासन निर्णयांत घातलेली असते. त्या निर्णयाची प्रत जोडून शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या, आणि त्याची एकेक प्रत तहसीलदार आणि जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक यांच्याकडे आवक शिक्क्यासह ठेवा.