तू नुसते ओठ हलव

परवा फॅमिली ग्रुपवर परत ती पोस्ट आली, पाय मोडलेला असताना गाणाऱ्या ऑपेरावाल्या बाईची. खाली काकांचं "जिद्द असावी तर अशी" आणि हात जोडलेले चार इमोजी. तर ती बाई म्हणजे जॉयस डिडोनाटो, अमेरिकन मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या आवाजाची ऑपेरा गायिका, आणि गोष्ट शंभर टक्के खरी आहे. जुलै २००९, लंडनचं कोव्हेंट गार्डन ऑपेरा हाऊस, 'बार्बर ऑफ सेव्हिल' ह्या ऑपेराच्या तिथल्या प्रयोगांतला पहिला. पहिल्याच अंकात ही स्टेजवर घसरली, तो अंक लंगडत काढला, दुसरा कुबडी घेऊन, आणि नंतर हॉस्पिटलमध्ये कळलं की पायाचं हाड मोडलंय. पुढचे प्रयोग व्हीलचेअरवर बसून, पायाला मस्त गुलाबी प्लास्टर. मी पण तिचं नाव पहिल्यांदा ह्याच किश्श्यामुळे ऐकलं, खोटं कशाला बोलू.

पण त्या रात्री ती जे गात होती त्याची गोष्ट मला पायापेक्षा जास्त भारी वाटते आणि ती कोणी फॉरवर्ड करत नाही, म्हणून मीच लिहिते.

आधी माझं रडगाणं. आठवीत गॅदरिंगला समूहगीत होतं, पेटीवर काळी चार धरलेली, सगळ्या पोरी मजेत वर जातायत आणि अंतरा आला की माझा आवाज फाटतोय. खाली मस्त लागायचा, पण समूहगीतात एकटीने खाली जाऊन काय करणार! दोन तालमी झाल्यावर बाईंनी मला मागच्या रांगेत विंगेजवळ उभं केलं आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं बाळा." मी हलवले. फोटोत सगळ्यात मोठं तोंड माझंच उघडलेलं आहे. घरी म्हणायचे पोरीचा आवाज घोगरा, आणि कोणी धीर द्यायला गंगूबाई हनगलांचं नाव घ्यायचं ते पण कसं, तर "बघ, घशाचं ऑपरेशन झालं, आवाज पुरुषी झाला, तरी केवढी मोठी गायिका." त्या 'तरी'ने माझं लहानपण खाल्लं.

तर त्या रात्री जॉयस गात होती ती 'बार्बर'मधली रोझिना. इटालियन संगीतकार रॉसिनीने १८१६ मध्ये ही भूमिका लिहिली तीच मुळात खालच्या आवाजाच्या बाईसाठी. रोमला पहिल्यांदा गायली ती जेल्त्रूदे रिगेत्ती-जोर्जी, कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांमधला सगळ्यात खालचा आवाज. पण रोझिनाचं गाणं इतकं गाजलं की वरच्या आवाजाच्या सोप्रानो बायकांना पण ते हवंहवंसं झालं, मग काय, चढवा पट्टी. मूळ गाणं ई मेजरमध्ये, म्हणजे आपली पांढरी तीन, ते ह्यांनी नेलं एफमध्ये, पांढरी चारला, वर आपापल्या ताना आणि हरकती जोडल्या, आणि कितीतरी दशकं लोकांना वाटत राहिलं की रोझिना म्हणजे सोप्रानोच असणार. विसाव्या शतकात कोंचिता सुपरव्हिया, नंतर तेरेसा बेर्गान्सा, मेरिलिन हॉर्न ह्या मेझो गायिकांनी ती परत खाली, तिच्या घरी आणली. जॉयस ह्याच रांगेतली. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं एका भूमिकेला नुसते ओठ हलवायला लावले होते असं मी मनात म्हणते (म्युझिकवाले मारतील मला).

मेझो म्हणजे इटालियनमध्ये 'मधला'. आणि मधल्याचं नशीब मधल्या भावंडासारखंच. हिरॉईन बहुतेक वेळा सोप्रानो, तिलाच हिरो, तिलाच शेवटी मरायला छान सीन. मेझोला कार्मेनसारख्या हिरॉईनची एखादी लॉटरी सोडली तर आई, चेटकीण, जळणारी दुसरी बाई, नाहीतर पोरगा. हो, पोरगा! आपल्या बालगंधर्वांचं बरोब्बर उलटं. मोझार्टच्या 'मॅरेज ऑफ फिगारो'त केरुबिनो म्हणून वयात येणारा वांड पोरगा आहे, त्याची भूमिका गाते बाई, आणि मधेच नाटकातली माणसं त्या पोराला पोरीचे कपडे घालतात, म्हणजे पोरगा झालेली बाई पोरगी झाल्याचं सोंग करते आणि बाई असून पोरींसारखं चालता येत नाही असं दाखवते. डोकं गरगरतं पण बघताना धमाल येते. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात जॉयस पहिल्यांदा उभी राहिली ती ह्याच केरुबिनोची पँट घालून. वय ३६.

३६! आपल्याकडे दहाव्या वर्षी पोरांना टीव्हीवर उभं करून 'महागायक' म्हणतात, आवाज फुटायच्या आत त्यांचं करिअर आटोपतं. ही कॅन्सासची, सात भावंडांतली सहावी, विचिटाच्या युनिव्हर्सिटीत शिकली ते संगीत-शिक्षण, कारण शाळेत गाणं शिकवायचं होतं. ऑपेराच्या उमेदवारीत तिची विशी सरली, १९९८ ला ओपेरालिया स्पर्धेत दुसरी आली, आणि मिलानच्या ला स्काला ऑपेरा हाऊसमध्ये गायली ती तिशी उलटल्यावर. मेझोचा आवाज पिकायला वेळ लागतो, आणि ती लोकं तेवढी वाट बघतात ह्याचा मला मत्सर वाटतो.

अर्थात तिकडे सगळं गोड आहे असं नाही. माईक नाही. मेटमध्ये, म्हणजे त्या मेट्रोपोलिटनमध्ये, साधारण ३८०० माणसं बसतात आणि स्टेजपुढच्या खड्ड्यात अख्खा ऑर्केस्ट्रा, तरी आवाज पोचतो कारण गळा असा घडवतात की तीन हजार हर्ट्झच्या आसपास, जिथे वाद्यं जरा मंदावतात, तिथे तो चमकतो. ओरडून होत नाही ते. तारखा तीन-तीन वर्षं आधी ठरतात, आठवडेच्या आठवडे परक्या शहरात तालमी, आणि प्रयोग रद्द केला की बहुतेक ठिकाणी त्या रात्रीचं मानधन पण गेलं. सर्दीला घाबरून जगायचं. काका, 'जिद्दी'च्या मागे हे पण असतं हो.

आणि एक सांगायचंच आहे. २०२३ मध्ये मेटचा सीझन 'डेड मॅन वॉकिंग' ह्या ऑपेराने उघडला, त्यात ती फाशीच्या कैद्याला सोबत करणारी नन, सिस्टर हेलन. मेझोची भूमिका, आणि प्रेमप्रकरण नाही, चेटूक नाही, एक साधी बाई खुर्चीवर बसून ऐकून घेते. तोच ऑपेरा ही मंडळी न्यूयॉर्कजवळच्या सिंग सिंग तुरुंगात घेऊन गेली आणि कोरसमध्ये कोण, तर तिथलेच कैदी. ती तिथे आधीपासून बरीच वर्षं जात होती, त्यांनी रचलेली गाणी गात होती. म्हणजे शाळेत शिकवायचं राहिलं ते असं पुरं केलं बाईने. तिथे मागच्या रांगेतल्या कोणाला तिने ओठ हलवायला सांगितलं नसणार, पैज लावते.

काल रात्री कुकर लावून तंबोऱ्याच्या ॲपवर पांढरी तीन धरली आणि आठवीतलं ते समूहगीत म्हटलं, अंतऱ्यासकट. पहिल्यांदाच पूर्ण आलं. तीन शिट्ट्या कधी झाल्या, पुढच्या कधी झाल्या, काही कळलं नाही, भात पार खाली लागला.