म्हातारा सांभाळायचा नाहीये? मग आधी कलमं तरी वाचा

काय भो, अखाजी (आपली अक्षय्य तृतीया) तोंडावर आली, आंबे उतरले, आणि तुमच्या घरी आबांना भुसावळहून कुठल्यातरी लांबच्या गाडीत बसवून द्यायचा विषय परत निघाला म्हणे. जरा थांबा. बांधावरच्या हातभर जमिनीसाठी आपण चार वकील गाठतो, अन बाप सोडायच्या वेळेला कोणाला काही विचारतच नाही, ही काय पद्धत झाली? मी वकील नाही, पण थोडं वाचलंय, फुकट सांगतो.

2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. साठी झालेला माणूस तुमच्या जिम्म्यावर असताना त्याला कायमचं सोडायच्या इराद्याने कुठे टाकून आलात तर कलम 24, तीन महिन्यांपर्यंत जेल, नाहीतर 5,000 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीन होतो, घाबरू नका. आता हिशोब करा, 2024-25 ला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,121 रुपये होता, म्हणजे बाप क्विंटलभर कापसापेक्षा स्वस्त पडतो, वरून ओलावा किती म्हणून कोणी घट धरत नाही. 2019 मध्ये हा दंड वाढवायचं बिल लोकसभेत आलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही, तेव्हा जुन्याच रेटमध्ये काम होतंय.

पण मी म्हणतो सोडायचंच कशाला? शहाणी माणसं सोडत नाहीत, ठेवतात. मागच्या अंगणात पत्र्याची खोली असतेच, पूर्वी सरकी ठेवायचे ती, तिथे एक खाट टाकायची, मे महिन्यात जळगावला पारा 45 ला टेकतो तेव्हा कूलर हॉलमध्येच ठेवायचा कारण टीव्ही तिकडे आहे ना. जेवायला कळण्याची भाकरी द्यायची, कालची चालेल, दात नाहीत हा आपला दोष नाही. आणि पाणी मागितलं की पहिल्यांदा ऐकूच आलं नाही, दुसऱ्यांदा "देतो ना" म्हणायचं, तिसऱ्यांदा आबाच मागायचं बंद करतात. हे "सोडून देणं" झालं की नाही यावर कोर्टात लोक घासत बसतील, तोवर आपली कपाशी वेचून होते.

फक्त इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. आबांना लकवा झाला असेल, डोळे गेले असतील, म्हणजे दिव्यांग असतील, तर 2016 चा वेगळा कायदा लागतो. त्याचं कलम 92 म्हणतं की दिव्यांग माणूस ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारलं तर कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं, वर दंड. कमीत कमी, बरं का. लोकांदेखत मुद्दाम अपमान केला, धमकावलं, तरी तेच कलम, म्हणजे ओट्यावर उभं राहून "मर एकदाचा" ओरडायची सोयसुद्धा सरकारने ठेवली नाही. आणि सर्टिफिकेट कोणी काढलं? तुम्हीच, एस्टीच्या सवलतीसाठी सिव्हिलला चकरा मारून. आता तोच आयता पुरावा.

पोटगीचं सांगतो पटकन. म्हातारा प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो, साधारण 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो, महिन्याला 10,000 च्या वर जाता येत नाही, आणि हुकूम होऊनही दिले नाहीत तर महिनाभरापर्यंत आत. अर्ज पोरगा, पोरगी, सज्ञान नातवंडं, सगळ्यांवर होतो. हक्कसोडवर सही घेऊन बहिणीला मोकळं केलं असेल तरी ती पोरगीच राहते, तेव्हा तिलाही ओढा, एवढा तरी हिस्सा द्या तिला. सुनेचं नाव मात्र त्या यादीत नाही. आयुष्यभर भाकरी तिने थापायची, गावाने शिव्या तिला द्यायच्या आणि नोटीस मात्र पोराला, हा तर सरळ अन्यायच आहे आपल्यावर.

आता खरी गोष्ट, जिच्यामुळे झोप उडते. जेलने नाही उडत. कलम 23 ने उडते. बापाने शेत किंवा घर या अटीवर नावावर केलं की पोरगा सांभाळेल, आणि पोराने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीचा धरून रद्द करून मागता येतो! म्हणून बक्षीसपत्र लिहिताना "सांभाळ करीन" हे दोन शब्द कुठेच येऊ देऊ नका असं हुशार लोक सांगतात, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने अट असायला पाहिजे असं म्हटलंही होतं. पण जानेवारी 2025 मध्ये त्याच कोर्टाने मध्य प्रदेशातल्या एका आईने पोराला दिलेलं बक्षीसपत्र रद्द करून घर तिला परत द्यायला लावलं, म्हणजे आता कोणावर विश्वास ठेवायचा सांगा. मी पाहिलंय भो, तीन महिन्यांच्या जेलला हसणारा माणूस सातबारा फिरेल म्हटल्यावर त्याच संध्याकाळी बापाला चहा नेऊन देतो, आल्याचा.

श्रावणबाळ योजनेचं एटीएम कार्ड तुमच्याच खिशात असू द्या. 65 च्या पुढच्या निराधारांना महिन्याला 1,500 देते ती योजना, सरकारने नाव काय शोधलंय बघा. दोन पोरं, ट्रॅक्टर, दारात बोलेरो, अन कागदावर आबा निराधार. कागद खोटा म्हणावा तर पत्र्याच्या खोलीत जाऊन बघा, खरा आहे.

तर अखाजीची तयारी जोरात करा. पितरांची घागर नवीन आणा, वाळा टाकून गार पाणी भरा, वर डांगर ठेवा, सांजोरी, आमरस, पितरांच्या नावाने विस्तवावर आगारी टाकताना पणजोबापर्यंतची नावं चुकवू नका. आणि मागच्या खोलीतून भिंत धरत धरत आबा घागरीपाशी आले, "माले बी दे रे घोटभर" म्हणाले, तर लहान पोराला सांगून ठेवा काय बोलायचं ते. आबा, त्याले हात नका लावू, पितरसनं पानी शे ते.