दोन फुटी फुटाळा

आमच्या हॉलमध्ये दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी माशांची काचेची टाकी आहे. काठोकाठ भरली तर 56 लिटर पाणी मावतं. त्यात चार गोल्डफिश आहेत, असं मुलगी सांगायची. दिवाळीपर्यंत मला त्यातला एकही दिसेनासा झाला होता. काचेवर शेवाळाचा असा थर की पाहुणे टाकीला आमच्या नागपूरचा फुटाळा तलाव म्हणू लागले. "काऊन जी, काठावर भुट्टेवाला कधी बसवता?"

शेवाळ हाताने घासायचं म्हणजे दंडापर्यंत बाही वर करायची, आणि तरी ती भिजतेच. दुकानात यासाठी चुंबकाचा ब्रश मिळतो. एक तुकडा काचेच्या आत, एक बाहेर. बाहेरचा फिरवला की आतला मुकाट्याने मागे येतो. सीताबर्डीवर त्याची किंमत ऐकली साडेतीनशे. दोन चुंबकांचे साडेतीनशे! घरी माळ्यावर मेलेला कॉम्प्युटर पडला होता आणि त्याच्या हार्ड डिस्कमध्ये तसेच दोन चुंबक फुकट बसून होते.

हार्ड डिस्कचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे असतात, घरातल्या पेचकसाला दाद देत नाहीत. इतवारीत गेलो. दुकानदाराने विचारलं, "काय खोलून राहिले भाऊ?"

"हार्ड डिस्क."

"चालू हाय का बंद?"

"बंद."

"मंग काई टेन्शन नाई. आता पक्की बंद होईल."

तीन तास लागले. आत निघाले केळ्याच्या फोडीएवढे दोन चकचकीत तुकडे. नियोडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं मिश्रण. दिसायला एवढुसे, पण ताकद अशी की टेबलावर वीतभर लांब ठेवले होते, मी एक उचलून दुसऱ्याजवळ नेला मात्र, दुसरा उडी मारून आला. मध्ये माझी करंगळी होती. असे चुंबक ओढून सुटत नाहीत, सरकवून सुटतात, हे ज्ञान मला बोंबलताना झालं. शेवटी बायकोनेच पोळपाटाच्या कडेवर दाबून त्यांना सरकवलं. पोळपाट अजून वापरात आहे, करंगळीचं नख गेलं.

नियोडिमियमवर निकेलचा मुलामा असतो. तो जरा उडाला आणि पाणी लागलं की आतला माल गंजून भुगा होतो. म्हणून दोन्ही तुकड्यांवर सिलिकॉनचा जाड लेप दिला आणि एक दिवस सुकायला ठेवले. सुकताना सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो. शेजारच्या काकू येऊन "आज चायनीज का?" असं विचारून गेल्या, आणि नाही म्हटल्यावर जरा नाराज झाल्या. आतल्या तुकड्याला भांडी घासायच्या हिरव्या घासणीचा चौकोन चिकटवला (नवाकोरा, साबण न लागलेला, कारण साबण माशांना सोसत नाही). बाहेरच्याला माझ्या बनियनचा तुकडा. बनियन जुनं होतं, असं बायकोचं मत.

पहिली फेरी झोकात गेली. हिरव्या काचेवर स्वच्छ पट्टा उमटला आणि त्यातून एक गोल्डफिश माझ्याकडे पाहत होता. मुलीने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांच्या भरात मी कोपऱ्यावर मनगट जरा वळवलं.

हार्ड डिस्कचा चुंबक साधा नसतो. त्याच्या एकाच तोंडावर उत्तरही असते आणि दक्षिणही, शेजारी शेजारी. सरळ धरला तर जोडीदाराला ओढतो, उलटा फिरवला की ढकलतो. राजकारणातही इतकं जवळजवळ कोणी बसत नाही. माझा बाहेरचा तुकडा फिरला तसा आतल्याने हात सोडला आणि तो तळाच्या रेतीत जाऊन पडला.

रेती कन्हान नदीची. घराच्या बांधकामातून उरलेली, सात पाण्यांत धुतलेली. तिच्यात लोखंडाचे काळे कण असतात हे मला कुठून माहीत? मी बाहेरून तुकडा पुन्हा पकडला, वर खेचला, आणि काळी दाढी वाढवून आलेल्या त्या चुंबकाला काचेवर आडवा फिरवला. दाढीत काळ्या कणांबरोबर पांढरी रेतीही अडकली होती, आणि तिच्यातलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कडक. करर्र असा आवाज आला. मासे चारही एकदम दिसले, कारण चारही एकदम पळाले. काचेवर नऊ इंचांचा ओरखडा.

मग आतल्या तुकड्याला थर्माकोल बांधला, म्हणजे सुटला तर वर तरंगेल. हे आधी सुचायला हवं होतं, पण बिनाओरखड्याचं कोणाला काय सुचतं? चुंबक मग छान चालला. आठ दिवस आम्ही मासे पाहिले. नवव्या दिवशी काच पुन्हा हिरवी, आणि ओरखड्याच्या खाचेत तर मेथी पेरल्यासारखं दाट.

भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "कूलर काढला ना, तेव्हापासूनच होऊन राहिलं हे."

पश्चिमेची खिडकी. मार्चपासून तिच्यात कूलर ठाण मांडून होता, जुलैत काढला. पावसाळाभर ऊन नव्हतं. ऑक्टोबरात दुपारचं ऊन थेट टाकीवर पडू लागलं आणि शेवाळाचं फावलं.

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही पेचकस आणायला गेले होते."

कूलरसाठी पडद्याची दांडी उन्हाळ्यातच काढून माळ्यावर टाकली होती, कॉम्प्युटरच्या बरोबर खाली. ती पुन्हा लावायची तर भिंतीत ड्रिल आलं. त्यापेक्षा कूलर पुन्हा खिडकीत ढकलून दिला.

डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला. रात्री गल्लीत शेकोटी पेटली होती. समोरचे काका हात शेकता शेकता बराच वेळ आमच्या खिडकीकडे पाहत होते. शेवटी राहवलं नाही त्यांना.

"इतकी गर्मी होऊन राहिली का जी तुम्हाला?"

"नाही काका, तो माशांसाठी आहे."

काका काही बोलले नाहीत. शेकोटीत एक लाकूड टाकलं, सरकून बाजूला जागा केली आणि मला बसायला सांगितलं.