पान बुडालं

हवाईतल्या मोलोकाई बेटावर एकही ट्रॅफिक सिग्नल नाही, हे मुलानं फार कौतुकानं सांगितलं. पुण्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला त्याचं काय अप्रूप? आम्ही असलेले सिग्नल तरी कुठे बघतो!

बेटाच्या पूर्व टोकाला हालावाची दरी. वाट खाजगी जमिनीतून जाते, त्यामुळे वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. "सोपं आहे बाबा, जाऊन-येऊन सातेक किलोमीटर." पोरं 'सोपं आहे' म्हणाली की मी आधी आयोडेक्स शोधतो.

सुरुवातीलाच वाटाड्यानं शंख फुंकला. आतून दुसऱ्या शंखाचं उत्तर आलं. आमच्या हिने सवयीनं हात जोडले. मग 'होनी', म्हणजे यजमानाच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवून दोघांनी एकत्र श्वास घ्यायचा. माझा चष्मा त्याच्या भुवईत रुतला. त्या भल्या माणसानं तोही श्वास पूर्ण घेतला.

पुढे ओढा. नवे बूट भिजू नयेत म्हणून काढून गळ्यात अडकवले, आणि तिसऱ्या धोंड्यावर बुटांसकट पाण्यात बसलो.

"अहो, अळू!" ही ओरडली. खरंच, खाचरात गुडघाभर अळू. १ एप्रिल १९४६च्या त्सुनामीचं खारं पाणी या खाचरांत शिरलं, आणि बहुतेक माणसं दरी सोडून गेली. आता काहींनी पुन्हा लावणी केली आहे. "अळू म्हणजे आमचा थोरला भाऊ," वाटाड्या गंभीरपणे म्हणाला. जन्मतःच गेलेलं मूल पुरलं, तिथून पहिलं अळू उगवलं आणि माणूस त्याच्या पाठचा, अशी त्यांची कथा.

"त्यांना सांग, आम्ही थोरल्या भावाच्या वड्या करतो," ही मुलाला म्हणाली. त्यानं भाषांतर केलं नाही.

दोन तासांनी मोओउला धबधबा आला. उंची २५० फूट, खाली काळंशार डोह. डोहात एक अजस्र पाल राहते म्हणे. पाण्यावर 'ती' नावाच्या झाडाचं पान सोडायचं. तरंगलं तर पोहायची परवानगी, बुडालं तर नाही. पाण्यात बोट घालून पाहिलं, बर्फ! मी पाठ वळवून पानात हळूच एक खडा गुंडाळला.

पान बुडालं. मी चेहरा पाडला. वाटाड्याच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली असावी. तो नितळ पाण्यात वाकून बराच वेळ बघत राहिला.

"बुडालं ना? मग बसा तिथेच, डबा सांभाळा," असं म्हणून हिने सूर मारला. मी डबा मांडीवर घेऊन बसलो. डास आले. त्यांना पान सोडावं लागत नाही.