बाइंड, अनबाइंड आणि गार झालेले पोहे

परत तेच! व्ह्यू (Vue, वेबपेजं बनवायचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) मधलं एक डायरेक्टिव्ह, म्हणजे पेजवरच्या घटकाला जोडायचा कोडचा तुकडा. ड्रॉपडाउनच्या बाहेर क्लिक केलं की तो मिटावा एवढंच त्याचं काम, आणि पेज चारदा उघडबंद केलं की एका क्लिकला हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन) चारदा पळतो. सकाळी इंदूरच्या छप्पन दुकानवरून पोहे बांधून आणले होते, वर शेव, जीरावन मसाला सगळं, म्हटलं दोन मिनिटांत बघतो आणि खातो, तर अकरा वाजले आणि शेव मऊ पडली राव.

सापडलं काय? डायरेक्टिव्ह घटकाला लागताना आणि निघताना आपोआप चालणारी फंक्शनं असतात, व्ह्यू 2 मध्ये त्यांची नावं बाइंड आणि अनबाइंड. तो कोड व्ह्यू 3 वर आणताना कुणीतरी बाइंडचं माउंटेड केलं आणि खालचं अनबाइंड तसंच ठेवलं. आता त्याचं नाव अनमाउंटेड आहे रे बाबा! कंपॅट बिल्ड (जुन्या पद्धती चालवून घेणारी व्ह्यू 3 ची आवृत्ती) नसेल तर जुनं नाव दिसल्यावर ना एरर ना वॉर्निंग, व्ह्यू 3 ते गुपचूप सोडून देतं, म्हणजे डॉक्युमेंटवर लावलेला, क्लिकवर कान ठेवणारा लिसनर कुणी काढतच नाही. व्ह्यू 2 चा सपोर्ट 31 डिसेंबर 2023 ला संपला, तरी हा तिसरा प्रोजेक्ट आहे ज्यात मी हेच निस्तरतोय. आणि कुणी केलं म्हणून गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) बघितलं तर, जाऊ दे, माझंच नाव.