रोबोला बसता येत नाही

रोबोला लघवीला जाता येत नाही, हे मला मुलाच्या वर्गशिक्षिकेच्या फोनवरून कळलं.

"त्याला खोक्यातून बाहेर पडता येत नाहीये हो, कात्रीने कापू का?" बाई विचारत होत्या. मागे अख्खा वर्ग खिदळत होता. मी म्हटलं, कापा. शाळेतल्या वेशभूषेच्या दिवसासाठी दोन संध्याकाळी खपून खोक्याचा केलेला, बाटल्यांच्या बुचांची बटणं लावलेला माझा चंदेरी रोबो पहिल्या तासालाच निकालात निघाला. चिरंजीव उरलेला दिवस साध्या टी-शर्टवर काढून मजेत घरी आले. "आधी मी रोबो होतो, मग बिघडलो," एवढंच त्याचं म्हणणं.

रात्री हिशोब मांडला, तेव्हा खरी लाज वाटली. खोकं फुकटचं होतं. पण चंदेरी स्प्रे, ग्लू गनच्या कांड्या, लुकलुकणारे दिवे, त्यांचे सेल, वर 'लागेल कशाला तरी' म्हणून उचललेला फेल्टचा गठ्ठा. एवढ्यात भाड्याचा पोशाख दोनदा आला असता. घरी केलं म्हणजे स्वस्तात झालं, हा आपला लाडका गैरसमज आहे. स्वस्त पडतं ते आपण न आणलेल्या सामानामुळे.

तेव्हापासून माझा हट्ट एकच. डोक्यावर एक वस्तू, हातात एक वस्तू, बाकी रोजचे कपडे. एका डोळ्यावर काळी पट्टी आणि हातात गुंडाळलेला नकाशा, झाला समुद्री चाचा. उंच पांढरी कागदी टोपी आणि हातात डाव, झाला आचारी. भिंग आणि वर चढवलेली कॉलर, की गुप्तहेर. लांबून माणूस ओळखू येतो तो डोक्याच्या आकारावरून आणि हातातल्या वस्तूवरून. धडाकडे कुणी बघतच नाही, आणि आपण नेमके त्या धडावर दोन संध्याकाळी घालवतो.

पुठ्ठ्याशी मात्र माझं आता चांगलं जमलंय. खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन कागदांच्या मध्ये एक लाटालाटांचा कागद असतो. तो कागद मुळात टोपीसाठीच जन्माला आला, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन या दोघांनी १८५६ साली त्याचं पेटंट घेतलं, ते उंच हॅटला आतून अस्तर लावायला. खोकी नंतरची. त्यामुळे खोकं फाडून टोपी करताना आपण त्याला माहेरी पाठवतोय असं मला वाटतं.

टोपीचा पट्टा कापताना या लाटा उभ्या राहिल्या पाहिजेत. मग पट्टा डोक्याभोवती गोल वळतो. लाटा आडव्या आल्या तर तो चार ठिकाणी मोडतो आणि पोराचं डोकं चौकोनी दिसतं. (कसं माहीत, ते विचारू नका.) वळवण्याआधी पट्टा टेबलाच्या कडेवरून तीन-चार वेळा घासून ओढायचा, मऊ पडतो. सुतळीने डोक्याचा घेर मोजायचा. आमच्याकडे ५२ सेंटिमीटर भरला, म्हणून पट्टा ४८ चा कापला. मागच्या फटीत दोन्हीकडे भोकं पाडून रुंद इलॅस्टिक ओवलं. डोक्याला घाम येतो, टोपी खाजते, काढावीशी वाटते, पुन्हा घालावीशी वाटते. चिकटवलेला जोड मधल्या सुट्टीपर्यंतसुद्धा टिकत नाही, इलॅस्टिक दिवसभर टिकतं.

शिवण येत नसेल तर जुना टी-शर्ट शोधा. ते कापड फासांच्या विणीचं असतं. कापलं तरी साध्या सुती कापडासारखे कडेचे दोरे सुटत नाहीत, त्यामुळे कडा दुमडून शिवायचं कामच उरत नाही. दोन बोटं रुंदीच्या आडव्या पट्ट्या कापायच्या आणि दोन्ही टोकं धरून ओढायच्या. पट्टी आपोआप नळीसारखी गुंडाळते. सिंहाची आयाळ म्हणा, जलपरीचे केस म्हणा, वेली म्हणा. अंगात घालायच्या टी-शर्टवर चित्र छापलेलं असेल तर तो उलटा करून घालायचा, संपलं.

मी शिवणकामातला ढ असल्यामुळे माझी सगळी भिस्त सेफ्टी पिनेवर. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि १५ डॉलरचं देणं फेडायला सगळे हक्क ४०० डॉलरला विकून टाकले. जगभरच्या शाळांचे रंगमंच याच्या पिनांवर उभे राहणार आहेत, हे बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही. पाठीवरची केप या पिनांनी दोन्ही खांद्यांना लावायची, आतल्या बाजूने. गळ्याशी गाठ अजिबात नको. घसरगुंडीत केप अडकली तर खांद्याचं कापड फाटेल, गळ्याला फास तरी बसणार नाही. मुखवटाही नकोच, त्यातून बाजूचं दिसत नाही आणि शाळेत जिने असतात. गालावर रंग लावायचा तर तो त्वचेसाठीचाच हवा, आदल्या दिवशी हातावर लावून बघितलेला. रंगाच्या बाटलीवर 'बिनविषारी' लिहिलंय म्हणजे तो तोंडाला फासा असं नाही लिहिलेलं. आणि ग्लू गन पोराच्या हाती देऊ नका. तिचा जास्त तापणारा प्रकार १९० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. थर्मोकोल त्यात वितळून जातो, बोटाचं काय घेऊन बसलात!

आता शाळांबद्दल. अमेरिकेत हायस्कूलच्या होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या, आठवड्यात रोज एक थीम असते, स्पिरिट वीक म्हणतात त्याला. ती कल्पना पोराटोरांच्या वर्गांपर्यंत येता येता पालकांचा गृहपाठ होऊन बसते. पजामा डे काढणाऱ्याचं मात्र भलं होवो. घरातून निघताना कपडेच बदलायचे नाहीत, याहून स्वस्त काय असणार? वेगवेगळे मोजे घालायचा दिवस तर आमच्याकडे रोजच असतो. ट्विन डेला कुणी एक पैचा खर्च करत नाही, पण मला तोच सगळ्यात महाग वाटतो. जुळ्यासारखे कपडे घालायला ज्याला जोडीदारच मिळत नाही, त्या पोराने काय करायचं? बाईंनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावाव्यात, नाहीतर सरळ अख्ख्या वर्गाने पांढरा टी-शर्ट घालावा.

पुस्तकातलं पात्र होऊन यायचा दिवस मला मनापासून आवडतो. युनेस्कोने १९९५ मध्ये २३ एप्रिल हा पुस्तकांचा दिवस ठरवला. ब्रिटनमध्ये तो मार्चच्या पहिल्या गुरुवारी करतात आणि पोरं पात्रांच्या वेषात शाळेत जातात. पण पालक इथेही घाबरून तयार पोशाखाच्या मागे धावतात. अहो, हातात ते पुस्तक द्या ना! मुखपृष्ठ पुढे धरलं की 'तू कोण?' हा प्रश्नच संपला. पुस्तक वाचनालयातून आणलेलं असेल तर तेही फुकट.

माझं खरं भांडण बक्षिसाशी आहे. 'उत्कृष्ट वेशभूषा' म्हणून ज्या पोराच्या हातात प्रमाणपत्र देतात, त्याने बहुतेक वेळा त्या पोशाखाला बोटही लावलेलं नसतं. प्रमाणपत्रावर आईचं नाव घाला, माझी काही हरकत नाही. नाहीतर मुलाला एवढंच विचारा, 'यातलं तू काय केलंस?' माझ्या रोबोला हा प्रश्न आला असता तर उत्तर होतं, 'मी उभा राहिलो.'

यंदा त्याने काय व्हायचं ते स्वतःच ठरवलं. पोस्टमन. डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, खांद्याला माझी जुनी झोळी, आत त्यानेच लिहिलेली पत्रं. वर्गात वाटून आला, म्हणून झोळी रिकामी. एक पत्र बाईंनाही दिलं. त्यात लिहिलं होतं, "मला कापल्याबद्दल धन्यवाद."

कापलेला रोबो अजून माळ्यावर आहे. पाठीतून आत्तापर्यंत तीन टोप्या निघाल्या. पोट शिल्लक आहे.