हरभरा पेरणाऱ्यांस काही नम्र सूचना

यंदा रब्बीत हरभरा पेरण्याचा अविचार ज्यांनी केला, किंवा पुढच्या वर्षी जे तो करू पाहत आहेत, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. या विषयातला माझा अधिकार अगदी ताजा आहे. वऱ्हाडातल्या आमच्या गावी माझे तीन एकर वावर आहे. सोयाबीन निघाल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्यात हरभऱ्याचा जॅकी ९२१८ हा वाण पेरला. पंचविसाव्या दिवशी संध्याकाळी तो वीतभर उंच आणि हिरवागार होता. सव्विसाव्या दिवशी सकाळी तिथे काड्या होत्या. बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवल्यामुळे ‘होत्याचे नव्हते होणे’ हा वाक्प्रचार मी असंख्य वेळा फळ्यावर लिहिला आहे, पण वाक्यात उपयोग करण्याची वेळ त्या सकाळी धुऱ्यावर उभा असताना आली.

सर्वप्रथम पाहुण्यांची नीट ओळख करून घ्यावी, कारण प्रत्येकाचा मान वेगळा असतो. गावात आपण ज्यांना सरसकट ‘हरणे’ म्हणतो ती आमच्या भागात बहुधा काळविटे असतात आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती वाघाच्या पंगतीला बसलेली आहेत. त्यांनी तुमचे पीक खाल्ले तर तुम्ही पाहत राहावे. माणसाच्या जिवाला धोका किंवा बरा न होणारा आजार असल्याखेरीज त्यांना मारण्याची परवानगी खुद्द मुख्य वन्यजीव रक्षकांनाही देता येत नाही, आणि हरभरा खाणे हा बरा न होणारा आजार आहे असे कायद्याने अजून मानलेले नाही. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. रोही ही गाय नव्हे, तो आशियातला सर्वांत मोठा कुरंग आहे. पण हिंदीत कोणीतरी त्याचे नाव नीलगाय ठेवले आणि त्या एका शब्दाने त्याला जे विमासंरक्षण मिळाले, ते आमच्या पिकाला हप्ते भरूनही कधी मिळाले नाही. रानडुकरांविषयी वेगळे लिहीत नाही. ज्यांच्या वावरात ती येऊन गेली आहेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्याकडे आली नाहीत त्यांना सांगून पटणार नाही.

धुऱ्याभोवती साड्या बांधाव्यात. आठवडी बाजारात जुन्या साड्यांचे गठ्ठे खास यासाठीच मिळतात. त्या वाऱ्यावर हलल्या की जनावरे बिचकतात असे सांगितले जाते, आणि ती बिचकतातही, पहिल्या दोन रात्री. तिसऱ्या रात्री कळपाने दोन साड्यांच्या मधून वाट काढली. माझ्या पत्नीने त्या कुंपणात स्वतःची एक जरीकाठी साडी ओळखली, हा या योजनेचा दुष्परिणाम म्हणता येईल.

केशकर्तनालयातून केस आणून बांधावर टाकावेत. दुकान तरी स्वच्छ राहते.

फटाके दिवाळीतलेच थोडे उरवून ठेवावेत.

कडेने करडईचा काटेरी पट्टा लावावा, आणि करडईला काटे फुटेपर्यंत थांबण्याची विनंती हरणांना आधीच करून ठेवावी.

जागलीला जावे. मचाणावर एक कांबळे, एक टॉर्च, वाजवायला एक डबा आणि थर्मासमध्ये चहा एवढे साहित्य पुरते. मचाणावरची रात्र ही किती दुर्मीळ गोष्ट आहे याची आपल्याला कल्पना नसते. दर वर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री शहरातले हौशी लोक रीतसर शुल्क भरून अभयारण्यातल्या पाणवठ्यावर मचाणावर बसतात आणि पहाटेपर्यंत किती जनावरे पाणी प्यायला आली याची नोंद करतात. आपल्याला हाच निसर्गानुभव नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सलग आणि फुकट मिळतो. फरक इतकाच की त्यांनी पाहिलेली जनावरे कागदावर येतात. ती वैशाखात पाणवठ्यावर असतात तेव्हा कोणीतरी पाहते, आणि पौषात माझ्या हरभऱ्यात असतात तेव्हा फक्त मी पाहतो. माझे पाहणे नोंदीत धरत नाहीत.

तारेत वीजप्रवाह सोडू नये. ही सूचना उपरोधाने दिलेली नाही. शेजाऱ्याचा मुलगा पाणी द्यायला रात्रीच वावरात येतो, कारण वीज रात्रीच येते. दर वर्षी कुठे ना कुठे माणसे अशी मरतात, वाघ मरतात, आणि तार लावणारा तुरुंगात जातो. झटका मशीन, म्हणजे कुंपणाला जिवावर न बेतणारा हलका झटका देणारे यंत्र, वेगळे, ते लावावे. सौर कुंपणाला सरकार पाऊणपट अनुदान देते असेही वाचावे, आणि मग आपले गाव त्या योजनेच्या यादीत आहे का ते पाहावे. आमचे नाही. आमच्याकडे जंगल नाही, नुसते माळरान आहे, आणि जंगल नसलेल्या गावी वन्यप्राणी येत नाहीत अशी यादी करणाऱ्यांची समजूत असावी.

कोणी म्हणेल की कायद्यात मारण्याचीही तरतूद आहे. आहे. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका झालेले दुसऱ्या अनुसूचीतले जनावर मारण्याची परवानगी देता येते, आणि रोही व रानडुक्कर यांच्यासाठी अशा परवानगीची पद्धत महाराष्ट्रात २०१५ साली घालून दिलेली आहे. त्यासाठी परवान्याची बंदूक हवी. आमच्या गावात ती एकच आहे, वाड्यावरच्या काकांकडे, आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा एवढ्या सगळ्या धरल्या तर ती बंदूक वाड्यापेक्षा ठाण्यातच अधिक रुळली आहे. काकांना मोतीबिंदू आहे, ही गोष्ट वेगळी. समजा, परवानगी मिळाली, बंदूक सुटली आणि नेमही लागला, तर पुढे कलम ३९ वाचावे. जिवंत रोही तुमच्या हरभऱ्यात उभा असतो तोवर त्याच्या खाण्याचा जाब कोणाला विचारावा ते कळत नाही. गोळी लागून तो खाली पडला की त्या क्षणी तो राज्य शासनाची मालमत्ता होतो. खाणारा बेवारस आणि मेलेला सरकारी, अशी मालकीची इतकी चोख वाटणी आमच्या भाऊबंदकीतही कधी झाली नाही.

२०१६ साली बिहारमध्ये नीलगायीला उपद्रवी ठरवून मोकामा भागात हैदराबादच्या शिकाऱ्यांकरवी दोनशेहून अधिक जनावरे मारण्यात आली, तेव्हा केंद्रातल्याच मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन मंत्र्यांचे जाहीर भांडण झाले. ते देशभर गाजले. मोकाम्याच्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, ते गाजले नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात २०२५ साली शाजापूर जिल्ह्यात हेलिकॉप्टरने हाकून काळविटे आणि नीलगायी पकडल्या आणि दुसरीकडे नेऊन सोडल्या. आमच्याकडे हेलिकॉप्टर फक्त प्रचाराला येते, आणि ते उतरवायला एखादे कापणी झालेले वावर शोधतात. या वर्षी माझे सुचवता येईल.

आता मुख्य सूचना: नुकसानभरपाईसाठी अर्ज करावा. अर्ज तीन दिवसांच्या आत द्यायचा असतो. ही मुदत शेतकऱ्यासाठी आहे. पुढच्या मंडळींना मुदतीचा जाच होऊ नये याची व्यवस्थित काळजी घेतली जाते. मी दुसऱ्याच दिवशी संबंधित कार्यालयात गेलो. सातबारा मागितला, दिला. आठ-अ मागितला, दिला. आधार, पासबुक, फोटो दिले. फोटोवर स्थळ आणि वेळ उमटलेली हवी असे सांगितल्यावर पुन्हा वावरात जाऊन फोटो काढले. तोवर उरलेल्या कोपऱ्याचाही समाचार घेतला गेला होता, त्यामुळे दुसरे फोटो पहिल्यांपेक्षा सरस आले. मग असे निघाले की सातबाऱ्यावर हरभऱ्याची नोंदच नाही. कशी असेल? रब्बीची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून करायची पिकाची नोंद, नुकती सुरू झाली होती आणि ते ॲप माझ्या फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ या वाक्याच्या पलीकडे जात नव्हते. “गुरुजी, नोंदीत पीकच नाही, तर जनावरांनी खाल्लं काय?” असे मला विचारण्यात आले. हा प्रश्न गमतीने विचारलेला नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो.

नोंद व्हायला पाच दिवस लागले. पंचनाम्याला वनरक्षक, महसूल विभागाचा माणूस आणि कृषी सहायक या तिघांनी एकत्र यावे लागते. वनरक्षक मोकळे होते तेव्हा कृषी सहायक प्रशिक्षणाला गेलेले, ते परतले तेव्हा महसूलवाले निवडणुकीच्या कामात, ते सुटले तेव्हा वनरक्षक कुठेतरी बिबट्या दिसला म्हणून तिकडे. तिन्ही देव एकाच वेळी दारात यायला अनसूयेची पुण्याई लागते. माझी तेविसाव्या दिवशी फळाला आली. तेवीस दिवसांत हरभऱ्याने आपल्या परीने जगण्याची खटपट केली होती आणि काही खोडांना फुटवे आले होते. त्यांतले एक खोड हातात धरून मला सांगण्यात आले, “शेंडे खुडले की फांद्या जास्त फुटतात गुरुजी, आम्हीच तर शेंडे खुडायची शिफारस करतो.” शिफारस आहे, हे मला ठाऊक आहे. दर वर्षी मजूर लावून आम्ही शेंडे खुडतो. पण चाळीस काळविटे आणि अकरा रोही माझी मजुरी वाचवायला रात्री दोन वाजता आले होते का? शेंडा खुडणारी बाई खोड मुळापर्यंत चावत नाही, उरलेले तुडवत नाही, आणि रोही तर रोज एकाच ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग घालून जातो, तो ढीग समोर होता! तो दाखवला, तर खुरांचे ठसे शेळ्यांचे नाहीत कशावरून, हा पुढचा प्रश्न आला. माझ्याबरोबर आलेला सत्तरीचा गडी इतका वेळ गप्प होता, तो शेवटी म्हणाला, “साहेब, हे आता वावर नाही राह्यलं, रोह्यायची खानावळ झाली. तुम्ही एक रात्र जेवाले या.” नुकसान वीस टक्के लिहिले गेले. मंजूर रक्कम तीन हजार दोनशे रुपये असल्याचे कळते. तीन एकरांच्या बियाण्याचेही त्यात भागत नाही. खत, पेरणीचा ट्रॅक्टर आणि तालुक्याच्या सात फेऱ्या बाजूलाच राहिल्या. रक्कम अजून जमा झालेली नाही.

हे सगळे हसत हसत लिहायचे ठरवले होते. ते आता साधत नाही, तेव्हा सोंग पुरे.

मला हरणांचा राग नाही. माळावर लांडगा उरला नाही, गायरानांवर अतिक्रमणे झाली, उरल्यासुरल्या गवताळ जमिनीवर झाडे लावून आपण वनीकरणाचे फलक उभे केले आणि भोवती विहिरींच्या पाण्यावर हिरवी रब्बी उभी केली. जनावरे वावरात येणार नाहीत तर काय करतील? हे मोजणे, आखणे आणि सांभाळणे हे ज्यांचे काम आहे, त्यांना त्याचा पगार मिळतो. माझ्या शिवारात किती काळविटे आहेत आणि पाच वर्षांत किती वाढली, हे त्यांतल्या एकानेही मला सांगू नये, ही लाजेची गोष्ट आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला दोन्ही बाजूंनी भिंत आणि कुंपण घालता येते, म्हणजे कुंपण कसे घालतात हे सरकारला माहीत आहे. मोटारीपुढे जनावर येऊ नये म्हणून ते घातले, चांगले केले. माझा हरभरा ताशी एकशे वीसच्या वेगाने धावत नाही, एवढाच त्याचा गुन्हा आहे. वन्यजीव ही सगळ्या देशाची संपत्ती असेल, तर तिला पोसण्याचा खर्च सगळ्या देशाने उचलला पाहिजे. जिप्सीतून फोटो काढणाऱ्यांनीही, आणि आम्हाला समाजमाध्यमांवर भूतदया शिकवणाऱ्यांनीही. तो एकट्या तीन एकरवाल्याकडून वसूल करायचा आणि वर त्याच्याकडेच शेळीच्या खुरांचा खुलासा मागायचा, याला व्यवस्थापन म्हणत नाहीत.

आणि आपले काय? डिसेंबरात आमच्या गावातल्या चाळीस जणांची वावरे खाल्ली गेली आणि अर्ज आले चार. ‘कोण फेऱ्या घालत बसतो’ म्हणून छत्तीस जण घरी बसले. वर जो हिशेब गेला त्यात आमच्या गावी चौघांचेच नुकसान झाले आहे, तेही वीस टक्के. हाच कागद पुढे करून उद्या कोणी आपल्याला सांगेल की तुमच्याकडे त्रास फारसा नाही, आणि ते खोटे आहे असे आपल्याला कशाच्या आधारावर म्हणता येईल? पारावर बसून शिव्या देताना आवाज मोठा असतो, आणि सही करायची वेळ आली की पेन सापडत नाही. परवा रात्री घाटे भरलेल्या हरभऱ्यात कळप पुन्हा शिरला आहे. तीन दिवसांची मुदत उद्या संपते. उद्या सकाळी आठ वाजता सातबारा, पासबुक आणि फोटो घेऊन पारावर यावे, प्रत्येकाचा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहून देईन. जो येणार नाही त्याने यापुढे माझ्यासमोर रोह्याचे नावसुद्धा काढू नये.